संशयावरून प्लास्टर

रविवारी सकाळी चहा पिताना माणसानं भिंतीकडे बघू नये. वर्तमानपत्रात बघावं, कपात बघावं, अगदीच काही नसेल तर बायकोकडे बघावं. सुवाच्यरावांनी भिंतीकडे बघितलं आणि पुढचे तीन महिने त्या घरात दोघांपैकी एकाचा हात कायम प्लास्टरमध्ये राहिला.

सुवाच्यराव हे काही त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते ऑफिसनं ठेवलेलं. नळकाम, वीजकाम, वेल्डिंग आणि गवंडीकाम शिकवणाऱ्या एका संस्थेत ते कारकून होते. अठरा वर्षांपूर्वी ते कारकून म्हणून चिकटले आणि अठरा वर्षांत त्या पदाला त्यांनी जराही धक्का लागू दिला नव्हता. मात्र वर्षातले तीन आठवडे ते राजे असत. संस्थेच्या संस्थापकांनी एक नियम घालून ठेवला होता: जो माणूस हातानं काम शिकला, त्याच्या प्रमाणपत्रावर त्याचं नाव हातानंच लिहायचं. ते काम सुवाच्यरावांकडे होतं. तिरप्या कापाचं निब, काळी शाई, आणि नाव असं उमटायचं की आपलं नाव इतकं देखणं आहे हे त्या गवंड्याला पहिल्यांदाच कळायचं. त्या तीन आठवड्यांत सुवाच्यराव कोणाशी हात मिळवत नसत, पिशवी उचलत नसत, आणि घरी आल्यावर उजवा हात टेबलावर असा ठेवत, जणू तो संस्थेचा आहे आणि उद्या सकाळी परत करायचा आहे.

यंदा तर त्या हातावर बरंच काही अवलंबून होतं. संगणक विभागातल्या एका चष्मेवाल्यानं संचालकांच्या डोक्यात भरवून दिलं होतं की नावं छापून घेतली तर सगळं एका दुपारचं काम आहे. संचालक म्हणाले होते, "यंदा शेवटचं बघू. समारंभाच्या आधीच्या शनिवारपर्यंत तीनशे शहाऐंशी प्रमाणपत्रं हातानं लिहून आली, तर नियम राहील. नाही आली, तर यंत्र." यंत्र आलं की सुवाच्यराव वर्षभर नुसते कारकून उरणार होते. हे दुःख त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळणं शक्य नव्हतं, कारण उरलेले एकोणपन्नास आठवडे आपण काय करतो हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

तर ती भिंत. भिंतीवर एक फ्रेम होती. बारा वर्षांचे असताना शाळेच्या हस्ताक्षर स्पर्धेत सुवाच्यरावांना पहिलं बक्षीस मिळालं होतं, तो कागद त्या फ्रेममध्ये होता. कागदावर एकच ओळ होती: 'नेहमी खरे बोलावे.' लग्नानंतर घरात आलेली ही पहिली वस्तू. (दुसरी वस्तू स्टूल. तेही या गोष्टीत येणार आहे.)

"अगं, फ्रेम वाकडी झालीय," सुवाच्यराव म्हणाले.

बायकोनं मान तिरकी करून बघितलं. ऑफिसातले सगळे तिला वहिनी म्हणतात, आपणही वहिनीच म्हणू. वहिनी म्हणाल्या, "मला तर सरळ दिसतेय."

"उजवीकडे अर्धा इंच उतरलीय. अठरा वर्षं मी रेघा बघतोय."

"मग आणखी एक दिवस बघा. उद्या शेजारच्या काकूंची शिडी आणू."

अर्ध्या इंचासाठी शिडी आणणारा माणूस वेगळा. सुवाच्यरावांनी स्टूल ओढलं. त्या स्टुलाला पाय चार होते, पण त्यातला एक नुसता शोभेला होता. वहिनींनी निमूटपणे ते दोन्ही हातांनी धरलं. सुवाच्यराव चढले, एक बोट फ्रेमपर्यंत पोचलं, आणि शोभेच्या पायानं आपला खरा स्वभाव दाखवला.

आपण उजव्या हातावर पडलो असं सुवाच्यराव नंतर सगळ्यांना सांगत. वस्तुस्थिती अशी की ते बऱ्यापैकी वहिनींवर पडले आणि वहिनी उजव्या हातावर पडल्या. फ्रेम जागची हललीसुद्धा नाही.

"मेलो," सुवाच्यराव म्हणाले. "माझं मनगट."

"उठा आधी. मला उठता येत नाहीये."

"फ्रेमला काही झालं नाही ना?"

वहिनी उठल्या, एकदा आपल्या हाताकडे बघितलं, आणि मग नवऱ्याचा हात ओढणीनं गळ्यात बांधून दिला. गाठ मारायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. सुवाच्यरावांना वाटलं, बिचारी किती घाबरलीय.

हाडांच्या डॉक्टर म्हणजे एक शांत, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी सुवाच्यरावांना अंगठा वर करायला सांगितला. अंगठा वर केला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, एक छोटासा खड्डा पडतो. पूर्वीची माणसं त्यात चिमूटभर तपकीर ठेवून ओढायची. डॉक्टरांनी त्या खड्ड्याकडे बोट नेलं आणि सुवाच्यराव ओरडले.

"अजून दाबलं नाहीये मी," डॉक्टर म्हणाल्या.

मग दाबलं. सुवाच्यराव पुन्हा ओरडले, या खेपेला जरा जास्त, कारण आधीच्या ओरडण्याची लाज राखायची होती. फोटो काढला. फोटोत काही नव्हतं.

"म्हणजे काही झालेलं नाही?" सुवाच्यरावांचा चेहरा पडला. इतकं दुखून हाडाला साधा तडासुद्धा नाही, म्हणजे लोक काय म्हणतील?

"तसं नाही सांगता येत. या खड्ड्याच्या तळाशी एक हाड असतं, काजूएवढं. हातावर पडलं की बहुतेक वेळा तेच मोडतं. पण तडा केसासारखा बारीक असतो, पहिल्या फोटोत लपून राहतो. दोन आठवड्यांनी दिसायला लागतो. आणि या हाडाला रक्त येतं तेही पलीकडच्या टोकाकडून, म्हणजे नळाच्या शेवटच्या घराला पाणी यावं तसं. दुर्लक्ष केलं तर ते जुळतच नाही आणि मनगट कायमचं अधू होतं. म्हणून नुसता संशय असला तरी आम्ही प्लास्टर घालतो."

"संशयावरून अटक," सुवाच्यराव म्हणाले. स्वतःच्या विनोदानं त्यांना बरंच बरं वाटलं.

डॉक्टरांचं लक्ष दाराशी उभ्या असलेल्या वहिनींकडे गेलं. "तुम्हालाही लागलंय का कुठे?"

"नाही हो, जरासं लचक—"

"डॉक्टर," सुवाच्यराव मध्येच म्हणाले, "अंगठा आत घेणार की बाहेर ठेवणार? माझं सगळं काम अंगठ्यावर आहे."

अंगठा आत गेला. कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत पांढरंशुभ्र प्लास्टर घालून सुवाच्यराव घरी आले.

घरात त्यांच्यासाठी खिडकीजवळची आरामखुर्ची सजली. हाताखाली एक उशी, त्याखाली दुसरी, आणि हात उंच राहावा म्हणून तिसरी. तिन्ही उशा वहिनींनी आणून लावल्या. सोमवारी संचालकांचा फोन आला. "ऐकलं मी. काळजी घ्या. यंदा छापूनच घेऊ मग."

"नाही साहेब," सुवाच्यराव म्हणाले. "शनिवारच्या शनिवारी तीनशे शहाऐंशी पोचतील. शब्द म्हणजे शब्द."

फोन ठेवल्यावर आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांनी डाव्या हातात टाक घेऊन एका जुन्या वहीवर एक नाव लिहून बघितलं. झुरळ शाईत पडून, कसंबसं वर येऊन, कागदावरून जीव घेऊन पळालं असावं, तसं ते नाव दिसत होतं.

"मी बघू का लिहून?" वहिनींनी विचारलं.

सुवाच्यराव हसले. हसताना प्लास्टर हललं, म्हणून थांबले. "अगं, डब्यांवर 'साखर' लिहिण्यासारखं नसतं ते. अठरा वर्षांचा हात आहे माझा."

"अठरा वर्षं मीही तेच अक्षर बघतेय. सामानाच्या यादीत, कॅलेंडरवर, आणि त्या फ्रेमवर."

वहिनी आतल्या खोलीतल्या टेबलाशी बसल्या आणि दहा मिनिटांनी एक कागद घेऊन बाहेर आल्या. सुवाच्यरावांनी तो उजेडात धरला. तेच वळण, तीच जाड-बारीक रेघ. थोडं वेगळं होतं खरं, पण कुठे वेगळं होतं ते सांगता येत नव्हतं. "चालेल," ते म्हणाले. "सुधारणेला वाव आहे."

अशी योजना ठरली. बाहेर आरामखुर्चीत सुवाच्यराव यादी वाचणार, आत वहिनी लिहिणार. पहिल्या दिवशी ते दोन वेळा उठून आत जाऊन मागे उभे राहिले. वहिनींनी टाक खाली ठेवला.

"तुम्ही पाठीशी उभे राहिलात की माझा हात कापतो. तिकडेच बसा."

"कागद सरळ ठेव तरी. चक्क आडवा ठेवलायस. असं कोणी लिहितं का?"

"मी लिहिते. बसा जाऊन."

दोन आठवडे हे चाललं. रोज तीस-पस्तीस नावं. सुवाच्यराव छताकडे बघत यादी वाचायचे, अधूनमधून "टोक जास्त ओढू नकोस" असं सांगायचे, आणि आपण किती मेहनत करतोय या विचारानं थकून दुपारी झोपायचे. त्यांच्या तक्रारी फार नव्हत्या. भाजीतल्या गाजराचे तुकडे सुतारानं तोडल्यासारखे मोठे असायचे. सगळ्या बरण्यांची झाकणं नुसती वर ठेवलेली असायची, त्यामुळे एकदा साखरेत मुंग्या झाल्या. चादरी पिळायला शेजारच्या काकू येत होत्या, आणि येताना सुवाच्यरावांकडे अशा बघत होत्या की त्यांना उगीचच उशा नीट कराव्याशा वाटत. चहाचा कप रोज चुकीच्या बाजूला ठेवला जायचा. आणि डॉक्टरांनी दिलेली जास्तीची क्रेप पट्टी कुठे गेली ती सापडेना.

"अगं, माझी पट्टी पाहिलीस का?"

"मी गुंडाळलीय मनगटाला. जरा आराम वाटतो."

"लिहून लिहून दुखत असेल," सुवाच्यराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "सवय नाही ना तुला. माझंही पहिल्या वर्षी दुखायचं."

शनिवारी सकाळी तीनशे शहाऐंशी प्रमाणपत्रं खोक्यात भरून शिपाई घेऊन गेला, आणि दुपारी संचालकांचा फोन आला. वहिनी स्वयंपाकघरात होत्या.

"सुवाच्यराव, अहो काय हे," संचालक म्हणाले. "इतकी वर्षं बघतोय तुमचं अक्षर, पण यंदा काही औरच आहे. जिवंत वाटतंय हो. चष्मेवाल्यालासुद्धा दाखवलं, तो गप्प झाला. छापायचा विषय संपला. पण मला सांगा, उजवा हात प्लास्टरमध्ये असताना हे लिहिलं कसं?"

इथे सुवाच्यरावांनी 'बायकोनं' असं म्हणायला तोंड उघडलं. अगदी प्रामाणिकपणे उघडलं. पण 'काही औरच' हे शब्द अजून कानात गुंजत होते. अठरा वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं. 'बायकोनं' म्हटलं की ते शब्द उठून दुसऱ्या खोलीत जाणार होते.

"डाव्या हातानं, साहेब," सुवाच्यराव म्हणाले.

स्वयंपाकघरात एक चमचा खाली पडला.

"डाव्या हातानं?" संचालक थक्क झाले. "अहो, मग हे समारंभात सांगायलाच पाहिजे."

फोन ठेवल्यावर सुवाच्यराव अपराध्यासारखे बसून राहिले. आता वहिनी बाहेर येतील आणि मग आपली धडगत नाही. वहिनी बाहेर आल्या. त्यांचे डोळे पाणावले होते. त्यांनी चहाचा कप ठेवला, आज बरोबर बाजूला, आणि त्यांच्या खांद्यावरून हलकेच हात फिरवून आत गेल्या. रात्रीच्या जेवणात गाजराचे तुकडे बारीक होते. सुवाच्यरावांना यातलं काहीही कळलं नाही. पण न कळलेल्या सुखाची चौकशी करू नये, एवढं लग्नाच्या अनुभवानं त्यांना शिकवलं होतं.

सोमवारी ते दोघं पुन्हा हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. प्लास्टर कापलं. आतून एक केविलवाणा, कोमेजलेला हात बाहेर आला. डॉक्टरांनी अंगठ्याच्या मुळाशी दाबलं. सुवाच्यराव सवयीनं ओरडायला गेले आणि लक्षात आलं की दुखतच नाहीये. फोटो काढला. हाड धडधाकट होतं.

"संशय फिटला. नुसती लचक होती," डॉक्टर म्हणाल्या. "जा, निर्दोष सुटलात."

वहिनी फोटोचं मोठं पाकीट घ्यायला पुढे झाल्या. पाकीट त्यांनी डाव्या हातानं उचललं आणि काखेत धरलं. डॉक्टर ते बघत होत्या. "तुम्ही बसा जरा," त्या म्हणाल्या. "अंगठा वर करा."

त्यांनी त्या खड्ड्यात बोट ठेवलं आणि दाबलं. वहिनी ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त खुर्चीचा हात घट्ट धरला आणि चेहरा पांढरा पडला. पाऊण तासानं त्यांचा फोटो भिंतीवरच्या दिव्यासमोर लागला. काजूएवढ्या हाडाच्या बरोबर मध्यावर एक बारीक काळी रेघ होती, इतकी सरळ की सुवाच्यरावांनाही तशी ओढता आली नसती.

"कधी पडलात?"

"त्याच दिवशी," वहिनी म्हणाल्या. "हे माझ्यावर पडले."

"आणि दोन आठवडे हा हात असाच? घरचं काम, सगळं?"

"हा हात वापरलाच नाही फारसा. पट्टी गुंडाळून ठेवली होती. डाव्यानं चालवून नेलं. मी मुळात डावरीच. शाळेतल्या बाईंनी फूटपट्टीनं मारून मारून उजवीकडे वळवलं. पण हात विसरला नव्हता."

"वापरला नाहीत म्हणून वाचलात. हाड जागचं सरकलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दहा आठवडे प्लास्टर. लिहिण्याचं काही काम असेल तर—"

"लिहिणंही डाव्यानंच केलं," वहिनी म्हणाल्या आणि नवऱ्याकडे बघून हसल्या. "यांना माहीत होतं. बोलले नाहीत कधी, पण परवा फोनवर साहेबांना सांगितलं यांनी, डाव्या हातानं लिहिलंय म्हणून. मी आतून ऐकलं. मला वाटत होतं, यांचं लक्षच नाही."

सुवाच्यरावांच्या डोळ्यांसमोरून गाजराचे मोठे तुकडे, बरण्यांची झाकणं, चुकीच्या बाजूचा कप आणि आडवा कागद असं सगळं ओळीनं गेलं. अठरा वर्षं जिच्यासोबत राहिलो ती डावरी आहे हे त्यांना आत्ता, या खुर्चीत, एका तिऱ्हाईत डॉक्टरांबरोबर कळत होतं. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. खरं सांगावं तर हिच्या चेहऱ्यावरचं ते हसू जाणार. न सांगावं तर ते हसू रोज बघावं लागणार.

"हं," सुवाच्यराव म्हणाले. 'हं' हा नवऱ्यांच्या भाषेतला फार सोयीचा शब्द आहे. त्यात होकार मावतो आणि नंतर नाकारताही येतो.

गुरुवारी समारंभ झाला. संस्थेच्या कार्यशाळेत यंत्रं भिंतीकडे सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. तिसऱ्या रांगेत वहिनी बसल्या होत्या, उजवा हात कोपरापर्यंत पांढरा. प्रमुख पाहुण्या म्हणजे वीस वर्षांपूर्वी याच संस्थेतून नळकाम शिकून गेलेल्या एक बाई होत्या. आता त्यांच्या हाताखाली चाळीस माणसं होती.

संचालक बोलायला उभे राहिले. "यंदाच्या प्रमाणपत्रांमागे एक कथा आहे," ते म्हणाले. "आपले सुवाच्यराव पडले, उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. पण या माणसानं तीनशे शहाऐंशी नावं स्वतःच्या डाव्या हातानं लिहिली."

टाळ्या पडल्या. सुवाच्यरावांनी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. वहिनी टाळ्या वाजवत नव्हत्या. एका हाताला प्लास्टर होतं, त्यामुळे तसंही जमलं नसतं. पण चेहऱ्यावरचं सोमवारचं ते हसू हळूहळू मावळत चाललं होतं, आणि ते मावळताना बघण्याइतकं वाईट काही सुवाच्यरावांनी आजवर बघितलं नव्हतं.

"सुवाच्यराव, या वर," संचालक म्हणाले. "पाहुण्या बाईंचं जुनं प्रमाणपत्र हरवलंय. नवं तुम्ही इथेच सगळ्यांसमोर लिहून द्या. डाव्या हातानं."

सुवाच्यराव वर गेले. "उजवा बरा झालाय आता, साहेब," असं पुटपुटून त्यांनी उजव्या हातात टाक घेतला आणि नाव लिहिलं. चांगलं लिहिलं. त्यांच्या हिशेबानं अगदी उत्तम. संचालकांनी तो कागद उचलला, खोक्यातल्या एका प्रमाणपत्राशेजारी धरला, आणि दोन्ही बराच वेळ न्याहाळले.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण डाव्याची सर नाही हो याला. डाव्यानंच लिहा ना."

"डावा, डावा," मागून वेल्डिंगवाल्यांनी ठेका धरला.

सुवाच्यरावांनी टाक डाव्या हातात घेतला. झुरळाची आठवण झाली. त्यांनी टाक खाली ठेवला.

"तो डावा हात माझा नाही," ते म्हणाले. आवाज कार्यशाळेत शेवटपर्यंत पोचला. "तो तिथे तिसऱ्या रांगेत बसलाय. माझं काही मोडलं नव्हतं. मोडलं होतं तिचं. मी दोन आठवडे तीन उशांवर हात ठेवून बसलो आणि ती मोडक्या हातानं घर सांभाळून डाव्या हातानं लिहीत होती. मी साहेबांशी खोटं बोललो. आणि तिला वाटलं की मी तिच्याबद्दल बोलतोय. तेही खरं नाही. माझं लक्षच नव्हतं. मी तिला कागद सरळ ठेव म्हणून ओरडत होतो."

बोलून झाल्यावर ते टेबलापाशी तसेच उभे राहिले. आता खाली जावं की इथेच जमिनीत जावं हे त्यांना ठरवता येईना. मग पाहुण्या बाई उठल्या, तिसऱ्या रांगेपर्यंत गेल्या आणि वहिनींना म्हणाल्या, "माझं नाव तुम्ही लिहाल का?"

वहिनी वर आल्या. नवऱ्याकडे न बघता त्यांनी कागद घेतला, आडवा ठेवला, आणि डाव्या हातानं लिहिलं. एवढ्या माणसांसमोर त्यांचा हात जरासुद्धा कापला नाही. म्हणजे हात कापायला फक्त सुवाच्यरावच लागत होते.

संचालकांनी तिथल्या तिथे दोन गोष्टी जाहीर केल्या. नियम राहील. आणि पुढच्या वर्षीपासून लिहिण्याचं काम, रीतसर, वहिनींकडे. "सुवाच्यराव यादी वाचतील," ते म्हणाले. "ते तुम्हाला छान जमतं असं दिसतंय." संस्थेत पाहुण्यांना भेट म्हणून हार-तुरे न देता हत्यार देण्याची पद्धत होती. वहिनींना गवंड्याची पाणसळ मिळाली. लाकडी पट्टीत बसवलेली काचेची नळी, नळीत पाण्याचा बुडबुडा. बुडबुडा मध्ये आला की समजायचं, सरळ आहे.

घरी परतताना वहिनी पाणसळीची पिशवी डाव्या हातात घेऊन दोन पावलं पुढे चालत होत्या.

"राग आलाय?" सुवाच्यरावांनी शेवटी विचारलं.

"आलाय."

"किती?"

वहिनींनी प्लास्टरकडे बघितलं. "दहा आठवडे पुरेल इतका. मग याच्याबरोबर उतरेल. आता ती पिशवी घ्या माझ्याकडून. आणि रडताय कशाला? मोडलंय माझं."

दहा आठवडे तिन्ही उशा वहिनींच्या हाताखाली होत्या. सुवाच्यराव चादरी पिळायला शिकले, गाजर बारीक चिरायला शिकले (पहिल्या आठवड्यात गाजरापेक्षा बोटांवरच जास्त पट्ट्या होत्या), बरण्यांची झाकणं घट्ट लावायला शिकले, आणि मग ती वहिनींना उघडता येत नाहीत हे कळल्यावर सैल ठेवायलाही शिकले. कप न चुकता डाव्या बाजूला ठेवू लागले. शेजारच्या काकू एकदा येऊन हे सगळं बघून गेल्या. जाताना मात्र शिडी तिथेच ठेवून गेल्या. सहाव्या आठवड्याच्या फोटोत ती काळी रेघ पुसट झाली होती. दहाव्या आठवड्याच्या फोटोत शोधूनही सापडेना.

"जुळलं," डॉक्टर म्हणाल्या. "शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचलं."

त्या दिवशी घरी आल्यावर वहिनींनी चहा घेतला, कप डाव्या हातात धरून, आणि चहा घेता घेता भिंतीकडे बघितलं.

"शिडी धरा," त्या म्हणाल्या. "आज ती फ्रेम बघतेच."

सुवाच्यरावांनी शिडी दोन्ही हातांनी आणि एका पायानं धरली. वहिनी चढल्या. त्यांनी पाणसळ फ्रेमच्या वरच्या कडेवर ठेवली. बुडबुडा जरा इकडेतिकडे झाला आणि बरोबर मधोमध येऊन थांबला. खालच्या कडेला लावली. तिथेही मधोमध.

"फ्रेम सरळच आहे हो," वहिनी म्हणाल्या. "पहिल्यापासून सरळ होती."

"कसं शक्य आहे? इथून स्पष्ट दिसतंय. उजवीकडे अर्धा इंच उतरलीय."

वहिनींनी काचेवर बोट टेकवलं. 'नेहमी'पासून निघून 'बोलावे'पर्यंत बोट ओळीखालून नेलं, आणि पोचेपर्यंत ते बोट अर्धा इंच खाली आलं होतं.

"ओळ उतरलीय," त्या म्हणाल्या. "तुमचीच."

सुवाच्यरावांनी मान वाकडी करून ओळ पुन्हा वाचली. "मग मला पहिलं बक्षीस कसं दिलं?"

"स्पर्धेत मुलं किती होती?"

सुवाच्यरावांनी शिडी आणखी घट्ट धरली. "दोन."

"आणि दुसरा?"

"तो आलाच नव्हता," सुवाच्यराव म्हणाले. "त्याचा त्या आठवड्यात हात मोडला होता."